संन्याशांचं राज्य बुडालं कशाने?

मठाला गाव इनाम असणं आपल्याला नवीन नाही. राजाने सनद द्यायची, गावाचा महसूल मठाच्या खर्चाला जायचा, पण राजा तो राजा आणि मठ तो मठ. आता अशी कल्पना करा की मठच राजा आहे. मठाधिपतीच्या नावाची नाणी पडतायत, सगळे किल्लेदार दीक्षा घेतलेले, ब्रह्मचारी, स्वतःच्या नावावर दमडी ठेवणार नाही अशी शपथ घेतलेले, आणि हेच लोक ठरल्या वेळी प्रार्थना करतात आणि मधल्या वेळात तलवार चालवतात, कर गोळा करतात, धान्य एक्स्पोर्ट करतात. बाल्टिक समुद्राच्या काठावर, म्हणजे आजचा उत्तर पोलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा कालिनिनग्राडचा तुकडा, तिथे असं राज्य जवळपास ३०० वर्षं चाललं. ट्युटॉनिक ऑर्डरचं राज्य, ऑर्डर म्हणजे दीक्षा घेतलेल्या ख्रिस्ती बंधूंचा संघ.

याची गोष्ट सांगताना लोक सरळ १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईवर उडी मारतात आणि तिथेच संपवतात. मोठी लढाई, मेलेला सेनापती, चित्रं, पुतळे, सगळं आहे तिथे. पण मला विचाराल तर लढाईने कंबर मोडली इतकंच, जीव गेला तो वेगळ्याच कारणाने. ज्या कामासाठी सनद मिळाली होती ते कामच उरलं नाही, आणि मग घरच्याच व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी यांना हाकललं. त्यात पगार थकलेल्या सैनिकांनी राजधानीच विकून टाकली, पण ते पुढे येईलच.

सुरुवात अगदी साधी आहे. ११९० साल, तिसरं क्रुसेड, म्हणजे येरुशलेमची पवित्र भूमी मुसलमानांकडून घ्यायला निघालेली ख्रिस्ती धर्मयुद्धाची मोहीम, आजच्या इस्राएलमधल्या आक्र शहराला वेढा पडलेला. जखमी आणि आजारी जर्मन सैनिकांना बघायला कोणी नाही म्हणून ल्युबेक आणि ब्रेमेनच्या व्यापाऱ्यांनी एक हॉस्पिटल काढलं, असं सांगतात की जहाजाचं शीड ताणून त्याच्या तंबूखाली. ११९८ मध्ये हीच सेवाभावी मंडळी लढाऊ संघटना झाली. पांढरा झगा, त्यावर काळा क्रॉस. टेम्पलर आणि हॉस्पिटलर या दोन मोठ्या संघटना आधीपासून तिथे होत्या, त्यांच्यापुढे हे म्हणजे नुकतंच उघडलेलं दुकान.

दुकान वाढवलं ते हेर्मान फॉन साल्झाने. हा सुमारे १२१० पासून १२३९ पर्यंत ग्रँड मास्टर, म्हणजे ऑर्डरचा प्रमुख होता, आणि त्याची खुबी अशी की पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा आणि पोप हे दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसताना हा दोघांच्याही घरी जेवायचा. दोघांकडून सवलती आणायचा. त्याला एक गोष्ट लवकर कळली की पवित्र भूमीत आपलं फार काळ काही चालणार नाही, दुसरीकडे जमीन बघितली पाहिजे.

पहिला प्रयत्न हंगेरीत झाला. राजा आंद्रास दुसरा याने १२११ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या कोपऱ्यातला एक भाग दिला, कुमन टोळ्यांना अडवा म्हणाला. यांनी टोळ्या अडवल्या, किल्ले बांधले, आणि मग हळूच सांगितलं की ही जमीन आता आम्ही पोपच्या छत्राखाली नेतोय. म्हणजे भाडेकरूने घरावर परस्पर दुसऱ्याचं नाव चढवायचं! राजाने १२२५ मध्ये फौज घालून यांना बाहेर काढलं. या फजितीतून ऑर्डर जे शिकली ते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे: आधी कागद, मग कूच.

त्याच सुमाराला पोलंडच्या माझोव्हिया भागाचा ड्यूक कोनराड शेजारच्या प्रशियन टोळ्यांनी हैराण झाला होता. इथे एक घोटाळा आधीच सोडवू, कारण प्रशियन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टोकदार हेल्मेटवाले जर्मन येतात. मूळचे प्रशियन जर्मन नव्हतेच. ते बाल्टिक लोक, लिथुआनियन आणि लाटव्हियन भाषांच्या नात्यातली भाषा बोलणारे, आपल्या देवराया आपले देव सांभाळून असलेले, ख्रिस्ती न झालेले. कोनराड त्यांच्या मुलखात धाडी घालायचा, ते त्याच्या मुलखात घालायचे. शेवटी त्याने ऑर्डरला बोलावलं, या, खेल्मनोचा भाग तुम्हाला देतो, यांना आवरा.

हेर्मान पळत आला नाही. आधी सम्राटाकडून सनद घेतली, रिमिनीची सोन्याच्या मोहरेची, कागदावर तारीख मार्च १२२६ ची, की प्रशियात जे जिंकाल ते तुमचं. मग कोनराडकडून घेतलं. आणि १२३४ मध्ये पोप नववा ग्रेगरी याच्याकडून असं लिहून घेतलं की ही जमीन सेंट पीटरची मालमत्ता आहे आणि ऑर्डरने ती कायमची सांभाळायची. एकाच जमिनीवर तीन मालकांचे कागद, आणि प्रत्येक कागदावर अर्थ थोडा वेगळा. पोलिश लोक नंतर कायम म्हणत राहिले की कोनराडच्या नावाचा १२३० चा जो दस्त दाखवता तो बनावट आहे, आणि गंमत म्हणजे त्याची मूळ प्रत आज शिल्लक नाही, त्यामुळे इतिहासकारांचं भांडण अजून चालूच. ज्यांच्या जमिनीबद्दल हे सगळं चाललं होतं त्या प्रशियन लोकांना अर्थातच कोणी काही विचारलं नव्हतं.

मग काम सुरू झालं ते एकदम पद्धतशीर. व्हिस्टुला नदीच्या काठाने पुढे सरकायचं, किल्ला बांधायचा, शेजारी गाव वसवायचं, जर्मनीतून शेतकरी आणि व्यापारी आणायचे. १२३१ ला तोरुन, पुढच्या वर्षी खेल्मनो, १२३७ ला एल्ब्लाँग, १२५५ ला क्योनिग्सबर्ग. जिंकलेल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला तर १२४९ च्या करारात त्यांना बरेच हक्क कबूल केले होते, पण १२६० मध्ये डुर्बेच्या लढाईत लिथुआनियन बाजूच्या लोकांनी ऑर्डरला सपाटून मारलं आणि ती बातमी पसरताच सगळा प्रशिया पेटला. या उठावाचा एक पुढारी हेर्कुस मान्टे. याला लहानपणी ओलीस म्हणून माग्डेबुर्गला नेलेलं, तिथे शिकवलं, बाप्तिस्मा दिला, हाइनरिक असं नाव ठेवलं. मोठा झाल्यावर परत आला आणि त्यांच्याकडूनच शिकलेलं युद्धतंत्र त्यांच्यावर वापरलं. बरीच वर्षं जड गेला तो. १२७३ मध्ये त्याला पकडून मारलं, पुढच्या वर्षी उठाव मोडला, आणि १२८३ पर्यंत उरलेला मुलूखही पडला. तो करार मग कोण बघतं? जे ऑर्डरच्या बाजूने राहिले त्यांना जमिनी मिळाल्या, बाकीचे कुळं आणि वेठबिगार झाले.

१२९१ मध्ये तिकडे आक्र पडलं, पवित्र भूमी गेली, ऑर्डरने मुख्यालय व्हेनिसला हलवलं. इकडे १३०८ मध्ये ग्दान्स्क. पोलिश बाजूने मदतीला बोलावलं होतं, शेजारच्या जर्मन ब्रांडेनबुर्गवाल्यांना हटवायला, यांनी त्यांना हटवलं आणि मग शहर स्वतःच घेतलं, कत्तल करून. ब्रांडेनबुर्गचा जो हक्क होता तो नंतर १०,००० मार्क मोजून विकत घेतला, कागद हवाच ना! आता लक्षात घ्या, ग्दान्स्कचे लोक ख्रिस्तीच होते. धर्मप्रसाराचा यात काडीचा संबंध नव्हता, बंदर हवं होतं. पोलंडशी कायमचं वैर इथून सुरू झालं. १३०९ मध्ये ग्रँड मास्टर स्वतः व्हेनिस सोडून नोगात नदीकाठच्या मारिएनबुर्गला राहायला आला, म्हणजे आजचं माल्बोर्क. लाल विटांचा अवाढव्य किल्ला, तोच मठ, तोच राजवाडा, तीच तिजोरी.

राज्य चालायचं कसं हे मला लढायांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. वर ग्रँड मास्टर, जो वारसाने नाही तर निवडून यायचा आणि मरेपर्यंत राहायचा. त्याच्याखाली पाच मोठे अधिकारी, त्यातला मार्शल क्योनिग्सबर्गला बसून युद्धाचं बघायचा, हॉस्पिटलांचं बघणारा एल्ब्लाँगला, खजिनदार मारिएनबुर्गला. जिल्ह्याजिल्ह्याला कोमटूर, म्हणजे किल्लेदार आणि कलेक्टर एकातच. आणि हे सगळं लिहून ठेवलेलं, कुठल्या किल्ल्यात किती घोडे, किती चिलखतं, किती खारवलेलं मांस. बाकी युरोपात राजा मेला की भाऊबंदकी, वाटण्या, लहान मुलगा गादीवर आणि आई कारभार बघतेय, हे सगळं चालू असताना इथे मात्र ग्रँड मास्टर मेला तर दुसरा निवडला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस चालू. मुलंच नाहीत तर वाटणी कसली!

पण या फायद्यातच भानगड होती. मुलं नाहीत म्हणजे नवी भरती बाहेरून करायला लागते, आणि ती व्हायची जर्मनीतून, तिकडच्या सरदार घराण्यांतल्या धाकट्या पोरांची, ज्यांच्या वाट्याला घरी जमीन येणार नव्हती. प्रशियातच जन्मलेला जमीनदाराचा मुलगा, जर्मन बोलणारा, चार पिढ्या तिथे राहिलेला, त्याला ऑर्डरमध्ये जवळपास प्रवेशच नाही. म्हणजे प्रत्येक पिढीत बावीस वर्षांचा कोणीतरी नवखा येणार आणि स्थानिक लोकांवर हुकूम चालवणार. आणि हे राज्यकर्ते होते किती? १४०० च्या आसपास सगळ्या प्रशियात मिळून साधारण ७०० धर्मबंधू.

पैसा मात्र रग्गड. समुद्रकाठी तृणमणी सापडायचा, ज्याला इंग्रजीत अंबर म्हणतात, आणि त्यावर ऑर्डरची मक्तेदारी. किनाऱ्यावर सापडलेला खडा खिशात घातला तर शिक्षा. तो जायचा ल्युबेक आणि ब्रुजला, तिथे त्याच्या जपमाळा बनायच्या. शिवाय गहू, राय, लाकूड, मेण. हान्सा नावाचा जो उत्तरेकडच्या व्यापारी शहरांचा संघ होता त्यात शहरं मेंबर असायची, राजे नाही, पण ट्युटॉनिक ग्रँड मास्टर हा एकटाच राज्यकर्ता त्यात बसायचा. ऑर्डरचे स्वतःचे व्यापारी अधिकारी होते, परदेशात एजंट होते. गरिबीची शपथ वैयक्तिक होती हो, संस्था श्रीमंत असायला कोणाची ना!

आणि तरी हे सगळं एका पाटीवर उभं होतं: आम्ही ख्रिस्ती जगाच्या सीमेवर मूर्तिपूजकांशी लढतोय. प्रशिया संपल्यावर ती पाटी लिथुआनियाकडे वळवली. वर्षातून एकदोनदा मोहीम निघायची, तिला राइझं म्हणायचे, म्हणजे शब्दशः प्रवास, आणि ती होतीही तशीच. इंग्लंड, फ्रान्स, बोहेमियाहून सरदार यायचे, क्योनिग्सबर्गला उतरायचे, मेजवान्या व्हायच्या, निवडक शूरांना मानाच्या टेबलावर बसवायचे, मग जंगलातून जाऊन दोनचार गावं जाळून परत. पुण्य पण आणि शिकार पण, पॅकेज टूरच की. विनरिक फॉन क्निप्रोडं हा १३५१ ते १३८२ ग्रँड मास्टर होता, त्याच्या काळात ही मजा कळसाला पोचली. पाहुण्यांमुळे ऑर्डरला फुकट सैन्य मिळायचं आणि युरोपभर नाव व्हायचं.

मग १३८६ मध्ये पाटीच उलटी झाली. लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक योगायला याने बाप्तिस्मा घेतला, पोलंडच्या राणी यादविगाशी लग्न केलं आणि पोलंडचा राजा झाला, पोलिश इतिहासात तो यागिएवो म्हणून येतो. पुढच्या वर्षी लिथुआनियात अधिकृत बाप्तिस्मा झाला, व्हिल्निअसला बिशप बसला. दीडशे वर्षं ऑर्डर ज्यासाठी लढत होती ते तिच्याशिवाय झालं, एक लग्न लावून! आता खरं तर काम झालं, घरी जा. पण ऑर्डर म्हणाली की हा बाप्तिस्मा खोटा आहे, दिखाऊ आहे, लढाई चालू राहील. १३९० मध्ये इंग्लंडचा हेन्री बोलिंगब्रोक, म्हणजे पुढचा राजा हेन्री चौथा, अशाच मोहिमेवर आला आणि व्हिल्निअसच्या वेढ्यात लढला. त्याच्या या ट्रिपच्या खर्चाचे हिशोब आजही उपलब्ध आहेत. ज्या शहरात बिशप बसलाय त्या शहरावर क्रुसेड! अशी किती दिवस पाहुणे मंडळी येत राहणार?

समोगिशिया हा प्रशिया आणि लिव्होनिया (आजचा लाटव्हिया-एस्टोनिया, तिथे ऑर्डरची दुसरी शाखा होती) यांच्या मधला लिथुआनियाचा पट्टा, तिथले लोक अजून ख्रिस्ती नव्हते, आणि ऑर्डरच्या दोन तुकड्यांना जोडायला तोच हवा होता. १४०९ मध्ये तिथे उठाव झाला आणि १५ जुलै १४१० ला ग्रुनवाल्डच्या मैदानात एका बाजूला पोलंडचा यागिएवो आणि लिथुआनियाचा त्याचा चुलतभाऊ व्हितौतास, दुसऱ्या बाजूला ग्रँड मास्टर उलरिक फॉन युंगिंगेन. लढाईआधी ऑर्डरच्या दूतांनी राजाला दोन नागव्या तलवारी पाठवल्या, लढायला बळ येईल म्हणून. खिजवणं अंगाशी आलं. संध्याकाळपर्यंत उलरिक मेला होता, जवळपास सगळे मोठे अधिकारी मेले होते, आणि २०० च्या आसपास धर्मबंधू पडले होते. वरचे ७०० आठवा.

किल्ल्यामागून किल्ले शरण आले. वाचवलं हाइनरिक फॉन प्लाउएनने, तो धावत मारिएनबुर्गमध्ये घुसला, बाहेरचं गाव शत्रूला आसरा मिळू नये म्हणून जाळलं आणि वेढा जवळजवळ दोन महिने झेलला. राजा कंटाळून परत गेला. १४११ चा तह जमिनीच्या बाबतीत मवाळच होता, समोगिशिया तेवढा दोन्ही भावांच्या हयातीपुरता सोडायचा. मार बसला तो खंडणीचा, १,००,००० कोपा प्राग ग्रोशन, एका कोप्यात ६० नाणी, म्हणजे ६० लाख चांदीची नाणी.

ती आणायची कुठून? कर लावून. शहरांवर, जमीनदारांवर. ग्दान्स्कने नाही म्हटलं तर तिथल्या कोमटूरने, जो आता ग्रँड मास्टर झालेल्या प्लाउएनचा नातेवाईकच होता, शहराच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून किल्ल्यात बोलावून ठार केलं. वर ऑर्डरचे अधिकारी स्वतः धान्याचा व्यापार करायचे आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या मालावर जकात घ्यायचे, म्हणजे स्पर्धक पण तेच आणि टॅक्स ऑफिसर पण तेच. असा राग वर्षानुवर्षं साठत गेला. प्लाउएनला त्याच्याच लोकांनी १४१३ मध्ये काढून टाकलं ते वेगळंच.

मधे एक वेगळीच लढाई झाली, कागदावरची. १४१४ ते १४१८ कॉन्स्टन्स शहरात चर्चची मोठी परिषद भरली होती, तिथे क्राकोव विद्यापीठाचा पावेल व्वोद्कोवित्स उभा राहिला आणि म्हणाला की मूर्तिपूजक असला म्हणून माणसाचा जमिनीवरचा हक्क जात नाही आणि तलवारीच्या जोरावर धर्म लादणं चूक आहे. पंधराव्या शतकात! परिषदेने ऑर्डरला दोषी वगैरे काही ठरवलं नाही, पण ज्या पाटीवर राज्य उभं होतं तिच्यावर चर्चच्याच सभेत कोणीतरी बोट ठेवलं. १४२२ च्या तहात समोगिशिया कायमचा गेला. आता आसपास मूर्तिपूजक कोणी नाहीच. राज्य का आहे याचं उत्तर उरलं नाही, फक्त कर उरला.

१४४० मध्ये ५३ जमीनदार आणि १९ शहरांनी मिळून प्रशियन संघ काढला. आधी मागण्या साध्याच होत्या, कर कमी करा, न्याय द्या, कारभारात आम्हाला विचारा. ऑर्डरने हे प्रकरण सम्राटाकडे नेलं आणि १४५३ मध्ये सम्राटाने संघ बेकायदा ठरवला. कागदावर ऑर्डर जिंकली. फेब्रुवारी १४५४ मध्ये संघाने ग्रँड मास्टरला लिहून कळवलं की आम्ही तुम्हाला मानत नाही, आणि पोलंडचा राजा काझिमिएश चौथा याला म्हणाले आम्हाला घ्या. काही आठवड्यांत बरेचसे किल्ले पडले, आणि ते पाडले पोलिश फौजेने नाही तर त्या त्या गावच्या लोकांनी. तोरुनच्या लोकांनी तर आपल्या गावातला किल्ला दगड-विटांसकट उतरवला, त्याचे अवशेष आजही आहेत, आणि त्यातली जी एक इमारत धड उभी राहिली ती म्हणजे नाल्यावर बांधलेला संडासाचा बुरूज. मी कधी तिथे गेलो तर पहिला फोटो त्याचाच काढणार.

युद्ध १३ वर्षं चाललं. दोन्हीकडे भाडोत्री सैन्य, त्यात बोहेमियाचे बरेच. सप्टेंबर १४५४ मध्ये खोइनित्सेला ऑर्डरने राजाला चांगलंच हरवलं, पण भाडोत्री सैनिकाला विजय नको असतो, पगार हवा असतो. तो द्यायला पैसा नव्हता म्हणून ग्रँड मास्टर लुडविग फॉन एर्लिक्सहाउझेनने किल्ले सैनिकांकडे गहाण टाकले, मारिएनबुर्गसकट. आपल्याकडे शिबंदीचा पगार थकला की लोक सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे, इथे त्यांनी थेट मालमत्ता विकायला काढली. गिऱ्हाईक कोण, तर समोरचा राजा. १४५७ मध्ये १,९०,००० फ्लोरिनला सौदा झाला, त्यातला बराच पैसा ग्दान्स्कच्या व्यापाऱ्यांनी उभा केला, आणि ग्रुनवाल्डनंतर दोन महिने वेढा घालून जो किल्ला मिळाला नव्हता तो पावतीवर मिळाला. ग्रँड मास्टर निसटून क्योनिग्सबर्गला गेला.

१४६६ च्या दुसऱ्या तोरुन तहात पश्चिमेकडचा श्रीमंत भाग, ग्दान्स्क, तोरुन, एल्ब्लाँग, माल्बोर्क सगळं पोलंडच्या राजाकडे गेलं. पूर्वेचा भाग ऑर्डरकडे राहिला पण ग्रँड मास्टरने राजाला निष्ठेची शपथ द्यायची या अटीवर. पुढच्या ग्रँड मास्टरांनी ही शपथ टाळायचे नाना प्रकार केले. १५११ मध्ये त्यांनी होहेनझोलर्न घराण्यातला आल्ब्रेक्ट निवडला, जो पोलंडच्या राजाचा सख्खा भाचा होता, तरी मामाशी १५१९ ते १५२१ युद्ध केलंच, आणि ते शेवटी युद्धबंदीवर थांबलं.

तोवर ल्यूथर आला होता, पोपविरुद्ध उभा राहून ख्रिस्ती धर्मात नवा पंथ काढणारा. आल्ब्रेक्ट १५२३ मध्ये त्याला व्हिटेनबर्गला जाऊन भेटला. ल्यूथरचा सल्ला सरळ होता, हे ऑर्डर वगैरे सोड, लग्न कर आणि प्रशियाला साधं राज्य बनव. एका संन्याशाला यापेक्षा गोड सल्ला कोण देणार! १० एप्रिल १५२५ ला क्राकोवच्या भर चौकात आल्ब्रेक्टने मामासमोर गुडघे टेकले आणि ग्रँड मास्टरचा ड्यूक होऊन उठला. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न. चर्चच्या मालकीचं राज्य एका घराण्याचं झालं, आणि ते युरोपातलं पहिलं ल्यूथरपंथी राज्य ठरलं. पोप आणि सम्राट ओरडत राहिले, जर्मनीत उरलेल्या धर्मबंधूंनी दुसरा ग्रँड मास्टर नेमला, पण जमीन गेली ती गेली. लिव्होनियाच्या शाखेच्या गोटहार्ड केटलरने १५६१ मध्ये हीच आयडिया उचलली आणि कुरलंडचा ड्यूक झाला.

मूळ प्रशियन लोकांचं काय झालं? त्यांच्या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक, एक छोटी धर्मप्रश्नोत्तरी, १५४५ मध्ये क्योनिग्सबर्गला निघालं, आल्ब्रेक्टच्या हुकमाने. ज्या ऑर्डरने त्यांना ख्रिस्ती करायचं म्हणून तो मुलूख घेतला होता तिचं राज्य जाऊन तेव्हा २० वर्षं झाली होती. १७०१ मध्ये त्याच क्योनिग्सबर्गमध्ये एका होहेनझोलर्नने स्वतःच्या हाताने मुकुट घातला आणि प्रशियातला राजा म्हणवून घेतलं. त्यानंतर दहा वर्षांत तिथे प्लेग आला, आणि प्रशियन भाषा बोलणारे जे थोडे म्हातारेकोतारे गावाकडे उरले होते ते त्याच सुमाराला गेले.